अँकीत शब्द ओळखू येतो, बोलताना येत नाही: जर्मन शिकताना कार्डं कशी बनवावीत

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जर्मनचा ए2चा, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, क्लास चालू आहे. दोन महिने अँकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपवर एक तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, चालवला, रोज 20 नवीन कार्डं. गणपतीला तीन दिवस गावी जाणं झालं, परत आल्यावर 340 रिव्ह्यू, म्हणजे जुन्या कार्डांच्या उजळण्या, साचलेले. शब्द समोर आला की अर्थ कळतो, पण बोलायला गेलं की शब्द येत नाही, आणि आलाच तर त्याचं आर्टिकल, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारं डेर (तो), डी (ती) की डास (ते), ते आठवत नाही. दुसरं अ‍ॅप घ्यावं का?

नको. दुसऱ्या अ‍ॅपवर गेलात तर कुठला शब्द कधी विसरलात याची दोन महिन्यांची नोंद मागे राहील, आणि नव्या जागीही असाच ढीग साचेल. अँकीचं काम एकच, कुठलं कार्ड कोणत्या दिवशी समोर आणायचं ते ठरवणं. कार्डावर काय विचारलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमची अडचण कार्डांत आहे आणि थोडी आकड्यांत.

आधी ढीग उपसू. डेकच्या ऑप्शन्समध्ये नवीन कार्डांचा आकडा 0 करा. रिव्ह्यूची मर्यादा मुळात 200 असते. तुम्हाला 340 दिसतायत म्हणजे ती कधीतरी वाढवलेली आहे. ती 150 वर आणा. तिथेच खाली रिव्ह्यूंचा क्रम ठरवायची सोय आहे. एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारं अँकीचं नवं गणित) चालू असेल तर तिथे ‘डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी’ निवडा, म्हणजे अजून बऱ्यापैकी आठवणीत असलेली कार्डं आधी येतात आणि वाचवता येण्यासारखी वाचतात. पार विसरलेलं कार्ड आणखी चार दिवस थांबलं तर फारसं बिघडत नाही, ते तसंही पुन्हा शिकावं लागणार आहे. नवीन कार्डं बंद असली की रोजची भरती दिवसागणिक कमी होते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत ढीग उतरतो. एका रविवारी 340 च्या 340 उरकण्याचा पराक्रम करू नका. दोनशेच्या पुढे बोट आपोआप ‘गुड’वर पडायला लागतं.

आता 20 च्या आकड्याचं. हा आकडा अँकीत आधीपासून भरलेला असतो म्हणून लोक तोच ठेवतात. पण रोज जितकी नवीन कार्डं घ्याल त्याच्या सात ते दहा पट रिव्ह्यू काही आठवड्यांनी रोज येऊ लागतात, असा साधारण अंदाज आहे. 20 नवीन म्हणजे पुढे रोज 140 ते 200. एका कार्डाला 8 सेकंद धरले तर वीस-पंचवीस मिनिटं, आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. क्लास, नोकरी आणि पीएमपीएमएलच्या बसचा प्रवास सांभाळून रोज 10 नवीन कार्डं हा टिकणारा आकडा आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्समुल्लर भवनाच्या, शब्दयादीत ए1ला साधारण 650 शब्द असतात आणि ए2ला ते धरून साधारण 1300. म्हणजे ए2साठी नव्याने शिकायचे 650 च्या आसपास. रोज पाच शब्द घेतले, प्रत्येकाची दोन्ही दिशांची मिळून दोन कार्डं केली, तर सव्वाचार महिन्यांत यादी संपते. परीक्षा त्याआधी असेल तर आकडा वाढवण्यापेक्षा येणारे शब्द आधी वगळा. परीक्षेच्या शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत नवीन कार्डं पूर्ण बंद.

बटणांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण निम्म्या लोकांचं वेळापत्रक तिथेच बिघडतं. चार बटणं आहेत: अगेन, हार्ड, गुड, ईझी. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवलं, पण जोर लावावा लागला’ असा आहे. ‘विसरलो, पण अगदीच विसरलो असं नाही’ असा नाही. उत्तर चुकलं असेल तर ‘अगेन’ आणि फक्त ‘अगेन’. अँकी ‘हार्ड’ला बरोबर उत्तर समजतं. चुकलेल्या शब्दांवर ‘हार्ड’ दाबत गेलात तर त्याला वाटतं तुम्हाला सगळं येतंय, आणि पुढची अंतरं फुगतात. शब्द बरोबर आला पण आर्टिकल चुकलं, तरी ‘अगेन’. मन खट्टू होतं, पण डेर टिशला (टेबलाला) डी टिश म्हणायची सवय लागण्यापेक्षा ते परवडतं. निर्णयाला वेळ लागत असेल तर ‘अगेन’ आणि ‘गुड’ ही दोनच बटणं वापरा, काही बिघडत नाही.

आता मुख्य दुखणं: ओळखू येतं, बोलता येत नाही. तयार डेकमध्ये बहुधा पुढच्या बाजूला जर्मन शब्द आणि मागे इंग्रजी अर्थ असतो. तुम्ही दोन महिने जर्मनमधून इंग्रजीत जाण्याचा सराव केलात, तो उत्तम झाला. उलट्या दिशेचा सराव झालाच नाही, मग बोलताना शब्द येणार कुठून?

उपाय सोपा, पण जपून करायचा. अँकीत नोट आणि कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नोट म्हणजे एका शब्दाची सगळी माहिती: एकवचन आर्टिकलसकट, अनेकवचन, अर्थ, वाक्य, आवाज. त्या माहितीतून किती आणि कुठली कार्डं निघतील हे नोटटाइप ठरवतो. ‘बेसिक अँड रिव्हर्स्ड’ निवडलात तर प्रत्येक नोटमधून दोन कार्डं निघतात. मात्र जुन्या 1200 नोटांचा नोटटाइप एका झटक्यात बदललात तर 1200 नवीन कार्डं रांगेत येऊन बसतील. त्याऐवजी ‘ऑप्शनल रिव्हर्स्ड’ घ्या. त्यात ‘अ‍ॅड रिव्हर्स’ नावाचं एक रकाना असतं. ज्या शब्दात ते भरलंय, काहीही, एक अक्षर चालेल, त्याचंच उलटं कार्ड तयार होतं. बोलताना लागणारे शब्द निवडून तेवढ्यांनाच ते भरा. सरकारी पत्रात किंवा सूचनाफलकावर वाचून कळला तरी पुरे, अशा शब्दाला उलटं कार्ड लागत नाही. शिवाय ‘बरी सिब्लिंग्ज’चे, म्हणजे त्याच नोटचं दुसरं कार्ड त्या दिवसापुरतं मागे ठेवण्याचे, पर्याय चालू ठेवा, नाहीतर एकाच शब्दाची दोन कार्डं पाठोपाठ येतात आणि दुसऱ्याचं उत्तर पहिलंच सांगून जातं.

उलटं कार्ड केलं की त्याच्या पुढच्या बाजूला काय लिहायचं हा प्रश्न येतो, आणि इथे तयार डेकमधलं इंग्रजी काढून मराठी लिहिण्याचे कष्ट घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत ‘नो’ असं विचारलं तर उत्तर विसेन की केनेन? इंग्रजीला फरक करता येत नाही. मराठीत ‘माहीत असणं’ विचारलं की विसेन आणि ‘ओळखणं’ विचारलं की केनेन, वाद मिटला. इंग्रजीच्या ‘यू’मागे डू, ईर आणि झी अशी तीन सर्वनामं दडलेली असतात. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही सगळे’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’ असं लिहिलं की काम झालं. आणखी एक फायदा म्हणजे इंग्रजीचा भुलावा टळतो. गिफ्ट म्हणजे विष, बाल्ट म्हणजे लवकरच, बेकॉमेन म्हणजे मिळणं, आणि वेअर म्हणजे कुठे नव्हे, कोण; कुठे म्हणजे वो. इंग्रजी अर्थ डोळ्यांसमोर असेल तर हे शब्द एकमेकांत घुसतात.

पण मराठीचेही स्वतःचे खड्डे आहेत, आणि ते तयार डेक बनवणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतात. ‘परवा’ घ्या. उद्यानंतरचा दिवसही परवा आणि कालच्या आधीचाही परवा. जर्मनमध्ये पहिला यूबरमॉर्गेन, दुसरा फोरगेस्टर्न. कार्डावर नुसतं ‘परवा’ लिहिलंत तर दर वेळी नाणं उडवावं लागेल. ‘परवा येईन’ आणि ‘परवा आलो होतो’ असं लिहा. ‘पाय’ही तसाच: मांडीपासून खाली अख्खा पाय म्हणजे डास बाइन, घोट्याखालचं पाऊल म्हणजे डेर फूस. ‘हात’ म्हणजे डेर आर्म की डी हांट? डॉक्टरकडे गेल्यावर कुठे दुखतंय ते सांगण्याचा संवाद ए1-ए2ला हमखास असतो, तिथे हा घोटाळा होतो. शब्दाऐवजी चित्र लावलं तर उत्तम, बाण काढून.

सगळ्यात खोल खड्डा ‘ला’चा. मी त्याला बघतो, मी त्याला विचारतो, मी त्याला फोन करतो, मी त्याला मदत करतो, मी त्याला उत्तर देतो. मराठीत पाचही वेळा ‘त्याला’. जर्मनमध्ये पहिल्या तिघांत ईन, म्हणजे अक्युझाटिफ विभक्ती, आणि शेवटच्या दोघांत ईम, म्हणजे डाटिफ विभक्ती. हेल्फेनचं कार्ड ‘मदत करणे’ एवढ्यावर थांबलं तर ही माहिती कधीच पक्की होत नाही. अशा क्रियापदांसाठी क्लोझ नावाचा नोटटाइप वापरा: इश हेल्फं ___ असं वाक्य, खाली मराठीत ‘मी त्याला मदत करतो’, आणि गाळलेल्या जागी ईम. वाट पाहण्याचंही तेच. वार्टेन आउफमधला आउफ कुठल्याही अर्थावरून काढता येत नाही, तो वाक्यात गाळलेली जागा म्हणूनच पक्का होतो. संगणकावर शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की गाळलेली जागा तयार होते.

आता आर्टिकल. तो-ती-ते लहानपणापासून जिभेवर असल्याने मराठी विद्यार्थ्याला तीन लिंगांची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजीभाषकाला हे नवल वाटतं, हिंदीभाषकाला तिसरं लिंग नवं असतं. तरीही आपण चुकतो, कारण जुळणी मधूनच जुळते. जेवणाचं टेबल बघा. चमचा तो, डेर ल्योफेल, जुळलं. काटा तो, पण डी गाबेल. सुरी ती, पण डास मेसर. तीन वस्तूंची तीन लिंगं, आणि आपल्याशी जुळलं एकच. घर ते, पुस्तक ते, पाणी ते, मूल ते: चौघांनाही डास, चारही जुळले. चंद्र तो, डेर मोंट. मग सूर्य तो म्हणून डेर झोनं म्हणावं तर ती निघते डी झोनं. खुर्ची ती, पण डेर श्टूल. खिडकी ती, पण डास फेन्स्टर. मुलगी ती, आणि डास मेटशेन!

म्हणून आर्टिकल पाठ करताना सगळ्या नामांवर सारखा वेळ घालवू नका. जुळणारी नामं मराठीच्या आधारावर तरून जातात. न जुळणाऱ्यांना एक टॅग द्या, ‘उलटं’ म्हणा हवं तर, आणि त्या टॅगची कार्डं अधूनमधून ‘कस्टम स्टडी’ या सोयीने वेगळी काढून बघा. दुसरं, आर्टिकल वेगळ्या रकान्यात टाकू नका. डेर ल्योफेल हा एकच शब्द आहे अशा थाटात तो लिहिला, ऐकला आणि मोठ्याने म्हटला गेला पाहिजे. रंगांची युक्ती चालते: डेर निळा, डी लाल, डास हिरवा, असा संकेत पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण रंग फक्त उत्तराच्या बाजूला. प्रश्नाच्या बाजूला रंग दिसला तर आठवायचं काही उरतच नाही.

जिथे नियम आहे तिथे प्रत्येक शब्दाचं वेगळं कार्ड करणं वाया. शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट असेल तर डी. शेन किंवा लाइन असेल तर डास, मेटशेनही त्यामुळेच डास. लिंग आणि इस्मुस असेल तर डेर. प्रत्येक प्रत्ययाचं एक कार्ड पुरे. अनेकवचनाला मात्र असा सोपा नियम नाही: चमच्याचं अनेकवचन ल्योफेलच राहतं, काट्याचं गाबेल्न होतं, घराचं, म्हणजे हाउसचं, हॉयझर. ते उत्तराच्या बाजूला दुसऱ्या ओळीत ठेवा आणि उत्तर देताना म्हणा, पण ते चुकलं म्हणून ‘अगेन’ दाबू नका. एका कार्डावर परीक्षा एकाच गोष्टीची.

एका गोष्टीचा हा नियम सर्वांत जास्त मोडतो तो अर्थांच्या बाबतीत. आउसगेएन या क्रियापदाचं तयार डेकमधलं कार्ड साधारण असं दिसतं: ‘बाहेर जाणे, विझणे, संपणे, गृहीत धरणे’. चारांपैकी तीन आठवले तर बरोबर म्हणायचं की चूक? हे कार्ड दहा वेळा चुकेल आणि दर वेळी वेगळ्या कारणाने. त्याचे तीन तुकडे करा: शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर जाणं हे एक वाक्य, दिवा विझणं हे दुसरं, पैसे संपणं हे तिसरं. ‘गृहीत धरणे’ हा अर्थ फॉन (von) या शब्दयोगी अव्ययासकट येतो आणि ए2ला लागत नाही, तो सरळ काढून टाका.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी ‘लीच’ असा टॅग लावतं. लीच म्हणजे जळू, नाव अगदी योग्य आहे. जळूवर मेहनत वाढवणं हा उपाय नाही. ते कार्ड उघडून बघा, बहुतेक वेळा वरच्यांपैकी एखादा दोष सापडतो: अर्थांची माळ, मराठी प्रश्न दोन उत्तरांना लागू, किंवा सारखा दिसणारा जुळा शब्द. फेरश्टेएन, बेश्टेएन, एंटश्टेएन, गेश्टेएन ही भावंडं एकाच दिवशी शिकायला घेतलीत तर चारही जळवा होणार. पहिलं पक्कं होऊन त्याचं अंतर महिन्याच्या पुढे गेलं की मग दुसरं. दोष सापडला नाही आणि शब्द फारसा लागतही नाही, तर कार्ड सस्पेंड करा, म्हणजे ते समोर येणं थांबेल. शब्दाचा अपमान होत नाही.

तयार डेक पूर्ण टाकून द्यायची गरज नाही. त्यातला आवाज कामाचा असतो, आणि ओळखण्यापुरत्या शब्दांना तो पुरतो. पण बोलायचे शब्द तुमच्या क्लासच्या पुस्तकातल्या वाक्यांतून घ्या, कारण ते वाक्य तुम्ही वर्गात एकदा तरी ऐकलेलं असतं. जर्मन शब्द रोमन लिपीतच लिहा. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरी केलीय. कार्डावर देवनागरीत उच्चार लिहिलात तर दोन टिंबवाल्या ओ आणि यूचे उच्चार कायमचे मराठी वळणाचे होतात. उच्चारासाठी आवाजच हवा. अँकीड्रॉइडमध्ये फोनचा टेक्स्ट-टू-स्पीच वापरता येतो, मात्र फोनच्या सेटिंगमध्ये जर्मन आवाज डाउनलोड केलेला नसेल तर तो इंग्रजी किंवा हिंदी थाटात जर्मन वाचतो.

शब्दांची यादी एक्सेलमध्ये करून एकदम आत घ्यायची असेल तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय घ्या. साधा सीएसव्ही घेतलात तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. आणि पहिलं रकाना अँकी ओळखचिन्ह धरतं: तिथे आधीच असलेला शब्द पुन्हा आला तर नवी नोट न होता जुनी बदलली जाऊ शकते. म्हणून पहिल्या रकान्यात आर्टिकलसकट जर्मन शब्द असावा, मराठी अर्थ नव्हे. डेर झे म्हणजे तळं आणि डी झे म्हणजे समुद्र. आर्टिकल नसेल तर एक दुसऱ्याला खाऊन टाकेल.

सेटिंगमध्ये फार रमू नका. एफएसआरएस हे नवं गणित 2023च्या अखेरीस अँकीत आलं, ते चालू करा. जुन्या पद्धतीत प्रत्येक ‘अगेन’मागे कार्डाचा ईझ (पुढचं अंतर किती पटीने वाढवायचं तो आकडा) 20 टक्क्यांनी उतरून 130 पर्यंत खाली येतो आणि मग ते कार्ड सारखं समोर येत राहतं, तो त्रास यात नाही. ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे समोर आलेल्यांपैकी किती कार्डं आठवावीत तो आकडा, 0.90 वर राहू द्या. 0.95 केलंत तर काम झपाट्याने वाढतं आणि हाती फारसं लागत नाही. लर्निंग स्टेप्स, म्हणजे नवीन कार्ड पहिल्यांदा पुन्हा दाखवण्याआधीची अंतरं, एका दिवसाच्या आतल्या ठेवा, 10 किंवा 15 मिनिटांची एक पायरी पुरते. महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’ दाबा, म्हणजे तुमच्या नोंदींवरून गणित पुन्हा बसवलं जातं. ‘हार्ड’चा गैरवापर आधी झाला असेल तर सुधारलेल्या बटणांवर महिनाभर चालवून मगच दाबा, नाहीतर चुकीच्याच नोंदींवरून गणित बसेल.

शेवटी सिंकचं, म्हणजे संगणक आणि फोनवरची कार्डं सारखी करून घेण्याचं, कारण तिथे होणारं नुकसान भरून निघणं कठीण. संगणकावर आणि फोनवर वेगवेगळी कार्डं असताना पहिल्यांदा सिंक केलंत तर अँकी विचारतं: अपलोड की डाउनलोड? दोन्हींची बेरीज होत नाही. एक बाजू दुसरीवर लिहिली जाते. घाईत चुकीचं बटण दाबलं तर दोन महिने पुसले जातात. त्याआधी संगणकावर ‘एक्स्पोर्ट’मधून पूर्ण कलेक्शनची एक प्रत काढून ठेवा. संगणकावरचं अँकी आणि अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड दोन्ही फुकट आहेत. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं आणि त्याचं नाव अँकीमोबाइल. स्टोअरमध्ये नावात अँकी असलेली आणखी अ‍ॅपं दिसतील, त्यांचा याच्याशी संबंध नाही आणि तुमचं कलेक्शन त्यांत सिंक होणार नाही. आयफोन असेल आणि पैसे घालायचे नसतील तर ब्राउझरमधून अँकीवेब ही अँकीची वेबसाइट उघडा. रोजच्या रिव्ह्यूला ते पुरतं, कार्डांची डागडुजी मात्र संगणकावरच करा.